घर म्हणजे सीमेवरची चौकी नव्हे

दिवाळी अंकात लिहायचे म्हणजे आपल्या भागातल्या प्रघाताप्रमाणे आधी एक सुस्कारा टाकायचा. सुनांना फराळ जमत नाही, नातवंडांना धड मराठी येत नाही, आमच्या वेळी असे नव्हते. असे लेख मी वर्षानुवर्षे वाचले; खोटे कशाला बोलू, एकदोन लिहिलेही. चौतीस वर्षे मराठी शाळेत शिकवल्यामुळे हातातले लाल पेन सुटता सुटत नाही. यंदा मात्र तक्रार उलट्या बाजूने करायची आहे. साठी-सत्तरी ओलांडलेल्या, बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या आपणा सर्वांविरुद्ध. आपण आपल्या घरांच्या चौक्या करून टाकल्या आहेत, आणि आत येणाऱ्या प्रत्येकाची झडती घेत बसलो आहोत.

माझ्या मुलाने धारवाडची कानडी मुलगी केली. मी विरोध केला नाही, याचे श्रेय मी बरीच वर्षे मिरवले. ज्ञानेश्वरांनी विठ्ठलाला कानडा म्हटले, हे येळ्ळूर-कडोलीच्या संमेलनांत कुणी ना कुणी वक्ता सांगतोच, आणि आपण टाळ्या वाजवतो. पण कानडा विठ्ठल देव्हाऱ्यात चालतो. कानडी सून ओट्यापाशी उभी राहिली की आपली मान वाकडी होते. पहिल्याच आठवड्यात ती मला ‘अत्ते’ म्हणाली. कानडीत सासूला तसेच म्हणतात. मी तिला सांगितले, “आमच्यात ‘आई’ म्हणतात.” हे धडधडीत खोटे होते. मी स्वतः माझ्या सासूबाईंना जन्मभर ‘आत्ती’ म्हणत आले!

२०१९ च्या दिवाळीत तिने अनारसे करायला घेतले. तांदूळ तीन दिवस भिजवले, रोज पाणी बदलले, सगळे मी सांगितले तसे. गूळ थोडा जास्त झाला असावा. तुपात सोडले तसे अनारसे हसले, आणि पाठोपाठ फराळाला जमलेल्या बायकाही हसल्या. मी म्हणाले, “कढईलासुद्धा कळतं हो, हात कुणाचा आहे ते.” वाक्य चांगले जमले असे त्या वेळी वाटले होते.

पुढची दोन वर्षे ती मंडळी बेंगळुरूहून आली नाहीत. कोरोनाने मला आयते निमित्त पुरवले. २०२२ साली निमित्त उरले नाही, तरी रजा मिळत नाही असा फोन आला. मी खोदून विचारले तेव्हा मुलगा म्हणाला, “आई, दिवाळी जवळ आली की तिला झोप लागत नाही. आणि पोरगी म्हणते, आजी बोलत नाही, तपासते.” नात तेव्हा सात वर्षांची होती. ‘माझा पुस्तक’ म्हणाली की मी ‘माझं पुस्तक’ असे तीनदा वदवून घेत असे. शेवटी शेवटी ती माझ्यापुढे बोलायचीच बंद झाली होती. मराठी टिकावी म्हणून मी एका पोरीची मराठी गप्प केली, एवढाच त्याचा हिशेब.

आता कुणी म्हणेल, बाई, तुम्ही लढाई सोडून दिलीत. मुळीच नाही. १९८६ साली कन्नडसक्तीविरुद्ध आंदोलन झाले तेव्हा आमच्या ह्यांनी पाठीवर लाठ्या खाल्ल्या आहेत, वळ मी शेकले आहेत. घटनेच्या ३५०-अ कलमाने अल्पसंख्य भाषिकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या सोयी करायला राज्यांना सांगितले आहे, त्या मागायच्याच. सरकारी कागद आम्हाला वाचता येईल अशा भाषेत मिळायला हवेत, तेही मागायचे. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला आहे. पण ते भांडण सरकारशी आहे. ते सुनेशी कशाला? सरकार आपले ऐकत नाही म्हणून जी ऐकते तिच्यावर हुकूम चालवायचा, याला भाषाप्रेम म्हणायचे काय?

आणि परंपरा मोडली ती कुणी, तेही एकदा स्पष्ट होऊ द्या. १९८८ साली मी स्वतः मराठी शाळेत शिक्षिका असताना मुलाला इंग्रजी शाळेत घातले. एकटी मी नव्हे, आमच्या शिक्षकखोलीतल्या बहुतेकांनी तेच केले. एक नोव्हेंबरला काळ्या फिती लावून फेरीत जायचे आणि जूनमध्ये इंग्रजी शाळेच्या अर्जासाठी रांगेत उभे राहायचे, हे आपण केले. त्या सुनांनी नव्हे. आपण फायद्याचे ते उचलले, आणि जे राखायला कष्ट पडतात ते पुढच्या पिढीच्या पदरात टाकले. त्यातही बाईच्या पदरात! संस्कृतीवर भाषण देणाऱ्या एकाही पुरुषाला मी अनारशाचे पीठ मळताना पाहिलेले नाही.

माझ्या सासूबाई आमच्या शहापुरातल्या घरात सून म्हणून आल्या तेव्हा शहापूर सांगली संस्थानात होते. १९४८ साली संस्थान विलीन झाले आणि त्या मुंबई राज्यात आल्या. १९५६ साली म्हैसूर राज्यात गेल्या, १९७३ साली त्याचेच कर्नाटक झाले. घराचा उंबरा तोच, चूल तीच. भाजीवालीशी त्या कानडीत घासाघीस करायच्या आणि लगेच मागे वळून मला मराठीत रागवायच्या. आपण दोन भाषा बोलतो हे त्यांच्या ध्यानातही नसावे. त्यांनी मला कधी काही ‘जपायला’ सांगितल्याचे आठवत नाही. मी त्यांच्या शेजारी बसत गेले, एवढेच.

२०२३ साली मी फोन करून म्हटले, या. काही करायचे नाही, नुसते या. ती मंडळी आली. पाडव्याला सकाळी मी अंगणात शेणाचे पांडव करायला बसले तशी सून शेजारी येऊन बसली. “अत्ते, उत्तराणी कुठं आहे?” म्हणाली. मला क्षणभर उमगेना. मग लक्षात आले, तिला आघाडा हवा होता, पांडवांवर खोवायला. माझ्या सासूबाईही आघाड्याला उत्तराणीच म्हणायच्या. तो शब्द त्यांच्याबरोबर आमच्या घरातून गेला होता. तिचे पांडव माझ्यापेक्षा रेखीव झाले. धारवाडला त्यांच्या घरी दरवर्षी करतात म्हणे. नात दोघींच्या मधे बसून शेणात हात घालत होती आणि आईशी कानडीत, माझ्याशी मराठीत बोलत होती. एक झेंडू उचलून म्हणाली, “हा फूल भीमाला.” माझ्या जिभेवर ‘हे फूल’ आले होते. गिळले. सोपे गेले नाही, हेही सांगून ठेवते.

आपल्यातल्या कित्येकांची मुले दिवाळीला येत नाहीत. रजेचे, रिझर्व्हेशनचे, शाळेचे कारण सांगतात आणि आपण ते खरे मानून शेजाऱ्यांनाही सांगतो. एकदा खरे कारण विचारून पाहा. ऐकताना त्रास होईल.

यंदा फराळ गल्लीतल्या बायकांच्या बचत गटाकडून घेणार आहे. चिवडा, शेव, चकल्या सांगून झाल्या. अनारसे फक्त पाव किलो सांगितले आहेत. ते मी एकटीच खाईन. घरात ते आवडीने खाणारी मी एकटीच होते, हे मला एवढ्या वर्षांनी मुलाकडून कळले.