दाबा, अजून दाबा!

गाडी लवकर पोहोचायची असेल तर ॲक्सिलरेटर दाबावा, या मताचे लोक जगात बहुसंख्य आहेत. बहुसंख्य असल्यामुळे त्यांना कुणी उलटून विचारत नाही. मी विचारणार आहे. खऱ्या गाडीविषयी नव्हे, तिथं पोलीस खातं समर्थ आहे. मी बोलतोय पडद्यावरच्या गाडीविषयी.

ज्यांच्या घरात पोट्टे नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. या खेळांत ‘टाइम ट्रायल’ नावाचा एक प्रकार असतो. रिकामा ट्रॅक, एकच गाडी, समोर घड्याळ. प्रतिस्पर्धी नाही, धक्काबुक्की नाही. तीच फेरी पुन्हा पुन्हा मारायची आणि सेकंदाचा एखादा कपचा कमी करायचा. सोबतीला आपल्याच सर्वोत्तम फेरीची अर्धपारदर्शक गाडी धावत असते. तिला ‘घोस्ट’ म्हणतात. म्हणजे स्वतःच्या भुताच्या मागे स्वतःच लागायचं. शिवाय बहुतेक खेळांत फेरीचा हिशेब घरच्या यंत्रातच होतो, त्यामुळे मधेच रेंज गेली तरी वेळ बुडत नाही. समुद्रपूरला याहून सोयीचा खेळ नाही.

यावर जी वडीलधारी मंडळी नाक मुरडतात त्यांनी जरा शंकरपट आठवावा. सांगली-साताऱ्याकडे बैलगाड्या एकमेकींशी पळतात. आमच्या विदर्भात जोडी मुख्यतः घड्याळाशी पळते. सुप्रीम कोर्टानं २०१४ साली या शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये अटी घालून पुन्हा चालू दिल्या, आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. तेव्हा सेकंदाच्या शंभराव्या भागासाठी दिवसभर उन्हात उभं राहणाऱ्यानं, त्याच शंभराव्या भागासाठी सावलीत बसलेल्या नातवाला रिकामटेकडा म्हणू नये. आणि हे ज्ञान अगदीच वाया जातं असंही नाही. यान मार्डनबरो नावाचा ब्रिटिश पोरगा २०११ साली ‘ग्रान तुरिस्मो’ या खेळाच्या स्पर्धेतून निवडला गेला आणि २०१३ साली ल मांच्या खऱ्याखुऱ्या चोवीस तासांच्या शर्यतीत त्याच्या चमूनं आपल्या गटात तिसरा नंबर काढला.

असो. माझं भांडण आजोबांशी नाही. भांडण आहे ते नातवाच्या मागे उभं राहून “दाब ना बे, अजून दाब!” असं ओरडणाऱ्या दाबपंथाशी.

या पंथाचा जन्म आमच्याकडे का झाला ते समजू शकतं. आपला वेगाचा सगळा अभ्यास सरळ रेषेतला. पट सरळ, आणि हायवे तर त्याहून सरळ. पण खेळातल्या ट्रॅकला वळणं असतात, आणि वेळ जातो तो तिथे.

वळणावर टायरची स्थिती माझ्यासारखी होते. पगार ठरलेला. टायरची पकड म्हणजे त्याचा महिन्याचा पगार. सगळी ब्रेकवर उडवली की वळायला काही उरत नाही. सगळी वळण्यात घातली की वेग घ्यायला उरत नाही. दाबपंथी मनुष्य शेवटपर्यंत दाबत येतो आणि ऐन वळणात ब्रेक, स्टिअरिंग, ॲक्सिलरेटर असे तिन्ही चेक एकदम फाडतो. खात्यात रक्कम नाही. टायर तिन्ही चेक परत पाठवतो आणि गाडी गवतात जाते.

शहाण्यानं काय करावं? सरळ रस्ता संपायच्या आतच ब्रेक मारावा, आणि चांगला जोरात मारावा. मग वळता वळता तो अलगद सोडत जावा. बाहेरच्या कडेनं शिरून आतल्या कडेला शिवावं, पुन्हा बाहेर पडावं, म्हणजे वळण मोठं होतं. चाक जसजसं सरळ होईल तसतसं ॲक्सिलरेटरला हात घालावा. वळणात शिरताना पाहणाऱ्याला वाटतं, हा माणूस घाबरट आहे. वाटू द्यावं. जॅकी स्टुअर्ट १९६९, १९७१ आणि १९७३ असा तीनदा जगज्जेता झाला, आणि त्याची ख्याती होती ती गाडी लोण्यासारखी नेण्याबद्दल.

पटत नसेल तर हिशेब घ्या. हिशेबावर माझं पोट आहे. वळणानंतर एक किलोमीटर सरळ रस्ता आहे. सरासरी ताशी १८० नं गेलात तर बरोबर २० सेकंद लागतात. वळणातून नीट बाहेर पडल्यामुळे सरासरी १८४ झाली, तर १९.५७. जवळजवळ अर्धा सेकंद वाचला! उलट पाच मीटर उशिरा ब्रेक मारून, आणि सगळं देवदयेनं जुळून आलं तर, वाचतात एक-दोन दशांश. वळणातून बाहेर पडतानाचा वेग म्हणजे मुद्दल, आणि पुढचा सरळ रस्ता म्हणजे मुदत. लांब मुदतीच्या ठेवीत मुद्दल आधी भरायचं असतं, हे ज्या गावात पिग्मी एजंटलाही कळतं तिथे दाबपंथ फोफावतो कसा?

हा पंथ मला हसण्यावारी नेता येत नाही. रात्रभर दाबत बसलेला पोट्टा सकाळी मोटारसायकल काढतो. खेळात गवतात गेलेली गाडी एका बटणावर परत रस्त्यावर येते. जामच्या चौरस्त्यावर ते बटण बसवलेलं नाही.

दुसरा उपद्रव पैशाचा. दाबून वेळ कमी होईना की हे पंडित म्हणतात, सामान हलकं आहे, स्टिअरिंगचं चाक घे. मागच्या हंगामात एक शेतकरी काउंटरवर आले. सोयाबीनचे चुकारे नुकतेच जमा झालेले.

“साहेब, चाळीस हजार काढाचे हाये.”

कशाला, असं विचारणं बँकेच्या नियमात बसत नाही. समुद्रपुरात बसतं.

“पोट्ट्याले चाक पायजे. म्हणते, चाक आलं का दोन सेकंद कमी होते.”

म्हणजे सेकंदाला वीस हजार. हा भाव सोयाबीनला मिळाला असता तर मी स्वतः उठून नोटा मोजून दिल्या असत्या. मी विड्रॉल स्लिपच्या पाठीवर लिहून दिलं: टीव्हीचा ‘गेम मोड’ चालू कर, म्हणजे बोट आणि पडदा यांतला उशीर कमी होईल. जगातल्या पहिल्या नंबरच्या भुतामागे लागू नकोस, आपल्याहून अर्ध्या सेकंदानं पुढे असलेलं भूत निवड. एका दिवशी एकच वळण सुधार. ब्रेक दहा मीटर आधी मार. खर्च शून्य.

त्यांनी ते दोनदा वाचलं. “म्हंजे कमी दाबलं का जास्त धावते?”

“वळणावर.”

“अन् सरळ रस्त्यावर?”

“तिथं दाबू द्या.”

त्यांनी स्लिप घडी करून खिशात घातली आणि नवी मागितली. तीवर पाच हजार लिहिले. फवारणीच्या औषधाचे.