विषाणू बादलीतून येतो

‘आफ्रिकन स्वाइन फीव्हर तिकडे आसामात, आपण इकडे ढाणकीत; आपल्याला काय त्याचं?’ असं विचारणाऱ्या डुक्कर पाळणाऱ्याला मी उलट विचारतो, तुझ्या डुकरांना हॉटेलचं उष्टं कोण घालतं? 2007 मध्ये हा रोग जॉर्जियात शिरला, तो पोटी बंदरात बोटींवरचं उष्टं डुकरांच्या तोंडी गेल्यामुळे, असं मानतात. भारतात 2020 साली तो आसाम-अरुणाचलात सापडला. कच्च्या मांसात हा विषाणू महिनोन्‌महिने टिकतो. अंतराचा हिशेब तो ठेवत नाही.

‘लस टोचू की!’ कोणती? क्लासिकल स्वाइन फीव्हरची लस आपल्याकडे आहे, ती जरूर टोचा. पण तो रोग वेगळा, हा वेगळा. मेलेल्या विषाणूपासून आफ्रिकन तापाची लस बनवण्याचे प्रयत्न फसले. व्हिएतनामने काढलेली लस जिवंत, पण दुबळ्या केलेल्या विषाणूची आहे. तेव्हा लशीवर भिस्त न ठेवता विषाणू मारायचा तो अंगात शिरण्याआधीच.

‘फिनाईल मारतो ना आम्ही!’ मारता, पण घाणीवर. शेडच्या दाराशी पाय बुडवायचं घमेलं बघा: आठवड्याचं पाणी, तळाशी गाळ, वर तरंगणारा कोंडा. त्यात गमबूट फक्त ओला होतो. आधी खराट्यानं खरवडा, साबणानं धुवा, मग ब्लीचिंग पावडर. ताज्या पावडरमध्ये सुमारे 30 टक्के क्लोरीन असतो; 10 लिटरला 150 ग्रॅम टाकून अर्धा तास ओलं ठेवलं, तर विषाणू मरतो. उघड्या पोत्यातली जुनी पावडर म्हणजे निव्वळ पांढरा भुगा.

उष्ट्याचं काय? जागतिक पशुआरोग्य संघटनेचा दंडक आहे: 90 अंशांवर, सतत ढवळत, निदान तासभर. एक उकळी आली की उतरवणं म्हणजे स्वतःच्या मनाचं समाधान. ‘रोज एवढं सरपण कुठून आणू?’ हा आक्षेप मात्र मला मान्य आहे. त्याला माझ्याकडे स्वस्त उत्तर नाही. परवडत नसेल तर उष्टं बंद करा, मका-कोंड्यावर या. फुकटचं खाद्य सगळा कळप नेऊ शकतं.

आणि डुकरं पटापट मरू लागली, तर मढं नाल्यात ढकलू नका, मांस विकू नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांवरच्या 2009 च्या कायद्यानं ते मालकावर बंधनकारक आहे.