मोडक्या बोलीचे गाव

इतिहासाच्या पेपरात तहाची कलमे विचारतात. तह झाल्यावर दोन्हीकडची माणसे एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलली, हे कोणी विचारीत नाही. माझ्या मते हा प्रश्नही तितकाच मोलाचा आहे.

१७२७ साली रशिया आणि चीनचे छिंग साम्राज्य यांच्यात क्याख्ताचा तह झाला. त्याचे मसुदे लॅटिन, रशियन, मांचू अशा भारदस्त भाषांत होते. सरहद्दीवर रशियनांचे क्याख्ता वसले आणि समोरच हाकेच्या अंतरावर, मंगोलियाच्या भूमीवर, चिनी व्यापाऱ्यांचे मायमाइचेंग, म्हणजे 'खरेदी-विक्रीचे गाव'. व्यापारी बहुतेक शान्शी प्रांतातले. गोबीचे वाळवंट ओलांडून उंटांवरून चहा येई, त्याच्या बदल्यात सैबेरियाची मऊ कातडी जात. चिनी स्त्रियांना तेथे राहण्यास बंदी होती. वर्षानुवर्षे बायकामुलांवाचून राहायचे आणि परक्याशी सौदा करायचा, असे ते जिणे!

हे सौदे लॅटिनमध्ये झाले नाहीत की मांचूत. त्यासाठी एक बाजारी बोली घडली. शब्द रशियन, साचा बराचसा चिनी. 'मी' म्हणायचे तर 'मोया', म्हणजे 'माझी'! रशियन शब्द चिनी अक्षरांत उतरवलेल्या याद्यांवरून व्यापारी ती शिकत.

कोणी म्हणेल, ही कसली भाषा? हिच्यात ना काव्य, ना ग्रंथ. कबूल. पण पेकिंगच्या दरबाराने १७८५ ते १७९२ अशी सात वर्षे व्यापार बंद ठेवला, तरी ही बोली मेली नाही; विसाव्या शतकापर्यंत ती टिकली. पुढे सुएझचा कालवा आणि सैबेरियाची रेल्वे यांनी उंटांची वाट ओस पाडली. १९२१ च्या लढाईत मायमाइचेंग जळाले. आज तेथे मंगोलियाचे अल्तानबुलाग आहे.

आमच्या वर्गात गावाकडला कोणी 'व्हतं' म्हणाला की बाके हसतात. मीही हसलो आहे. त्याची बोली पिढ्यांची, मायमाइचेंगची बाजारात जुळवलेली. दोन्ही एक नव्हेत. पण दोघींना 'अशुद्ध' म्हणणारे आपणच. भाषेची परीक्षा शुद्धतेवर घ्यायची, की तिने किती माणसे जोडली यावर? कला शाखेत शिकणाऱ्यांनी तरी आधी याचे उत्तर द्यावे, मग हसावे.