आवाजाचा अभ्यास म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग?

कुणी आवाजावर पीएचडी करतंय असं कानावर आलं की आपल्याकडं पहिला प्रश्न ठरलेला : ह्याला नोकरी कोण देणार? प्रयोगशील संगीत, ध्वनिकला ही सगळी पुण्या-मुंबईच्या एसी हॉलमधली थेरं, असा एकंदर समज. प्राध्यापकसुद्धा त्यात सामील, हे जास्त वाईट.

मग हे वाचा. हेमा राईरकर आणि फ्रान्समधून येऊन पुण्यात स्थायिक झालेले गी पॉइटवाँ या दोघांनी आपल्याच जिल्ह्यातल्या मुळशीसारख्या भागात बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. पुढं महाराष्ट्रभरातल्या हजारावर गावांतून लाखाहून जास्त ओव्या जमल्या, म्हणणारीच्या नावागावासकट. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल त्यात आले. हा माणूस संगणकवाला. जेम्स किपन यांच्याबरोबर तबल्याच्या बोलांसाठी 'बोल प्रोसेसर' नावाचा प्रोग्रॅम त्यानं केला होता. ओव्यांच्या ध्वनिमुद्रणाला आणि डिजिटल साठ्याला जोर आला तो त्यानंतर. २०१७ पासून 'पारी'नं हा ठेवा सगळ्यांसाठी खुला केलाय. मोबाईलवर फुकट ऐकायला मिळतो.

सगळ्याच ओव्या काही टेपवर आल्या नाहीत. कागदावर अर्थ राहतो. पण चाल, दम कुठं घेतला, दुसरीनं ओळ कुठं उचलली, खालची जात्याची घरघर, हे कागदावर कसं येणार? आणि दोन ओळींच्या मापात पहाटे पहाटे नवं नवं जुळवणारी बाई प्रयोगशील नाही, तर मग कोण? तिला आपण अडाणी म्हणून मोकळे झालो.

तिकडं कॅनडात मरी शेफर आणि त्यांच्या विद्यापीठातल्या सहकाऱ्यांनी व्हँकुव्हर शहराचे आवाज टिपले. बंदरातले भोंगे, चर्चच्या घंटा, सगळं. १९७३ साली त्याच्या रेकॉर्डी निघाल्या. आपल्याकडं काय कमी आहे? तुकोबांच्या पालखीचं बेलवाडीचं आणि इंदापूरचं रिंगण, उजनीच्या फुगवट्यावर भिगवणला उतरणारे रोहित, गाळपाच्या हंगामातला कारखाना. रिंगणाचे ड्रोन व्हिडिओ शेकड्यानं पडतात, पण त्यावर सिनेमाचं गाणं चिकटवलेलं असतं. टाळ नाही, टाप नाही, श्वास नाही! डेसिबल हा शब्द तर आपल्याला फक्त डीजेच्या बंदोबस्तात आठवतो. वस्तीत दिवसा ५५, रात्री ४५ ही मर्यादा कायद्यात आहे, मिरवणुकीत विचारून बघा कुणाला माहितीय.

बारामती-इंदापुरात कॉलेजं कमी नाहीत. पोरं नेटवरून उतरवलेले प्रकल्प बांधून देतात, सर सही करतात, गठ्ठा कपाटात जातो. त्याऐवजी दोघा-दोघांना एकेक गाव द्या. मोबाईल प्रत्येकाकडं आहेच. म्हणणारीची परवानगी घ्यायची, नाव-तारीख लिहायची, एक प्रत तिच्या घरी आणि एक ग्रामपंचायतीत ठेवायची. पैसे नाहीत हे कारण सांगू नका, साउंडच्या भिंतींना वर्गणी कशी गोळा होते ते सगळ्या गावानं बघितलंय.

घाई आहे. जात्यावर दळलेल्या आज्या आता सत्तरी-ऐंशी ओलांडून बसल्यात. निमगाव केतकी, पळसदेव, सराटी, सणसर, कुठल्याही गावात तुमच्या ओळखीत कुणी ओव्या म्हणत असेल, तर आधी त्यांना विचारा आणि मला मेसेज करा. मी यादी करतोय. ती घेऊन प्राचार्यांकडं जाणार आहे, याच सत्रात. कोण कोण येतंय सोबत?