फाटकाच्या आतलं कुत्रं आणि बाहेरचं

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा यांनी जमवलेली चित्रं आणि कलावस्तू आज कुणीही तिकीट काढून पाहू शकतो. हौस एका श्रीमंताची, संग्रह मात्र लोकांचा झाला. त्याच घराण्यातल्या, त्यांचंच नाव लावणाऱ्या रतन टाटांचा जीव कुत्र्यांत होता. घरी टिटो नावाचा जर्मन शेफर्ड होता, तसाच गोव्यात सापडलेला ‘गोवा’ हा भटका कुत्राही त्यांचा लाडका. ‘बॉम्बे हाउस’ या टाटांच्या मुख्यालयात रस्त्यावरच्या कुत्र्यांना मज्जाव नसे. २०२४च्या जुलैत महालक्ष्मीला १६५ कोटींचं प्राण्यांचं रुग्णालय सुरू झालं आणि त्याच वर्षी ९ ऑक्टोबरला ते गेले.

जामखेडसारख्या तालुक्यात या प्रेमाचा निम्माच भाग पोचला आहे. हाती पैसा आला की दारात लॅब्राडोर, रॉटवायलर, एखाद्याकडे हस्कीसुद्धा. बर्फात राहणाऱ्या त्या केसाळ जनावराला एप्रिलच्या उन्हात पत्र्याखाली बांधणं, याला हौस कसं म्हणायचं? पगचं चपटं नाक माणसानेच पिढ्यान्पिढ्या निवडून घडवलं. कुत्रा धापा टाकून अंग थंड ठेवतो. पगला नेमकं तेच नीट जमत नाही. जर्मन शेफर्ड आणि लॅब्राडोरमध्ये खुब्याच्या सांध्याचा दोष आनुवंशिक असतो. विकणारा तो सांगत नाही, घेणारा विचारत नाही.

तरी या कुत्र्याला निदान लस मिळते. फाटकाबाहेरच्याला कोण टोचणार? रेबीजचा विषाणू तर जात पाहत नाही. माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी सुमारे ९९ टक्के कुत्र्यांमुळे होतो आणि लक्षणं दिसू लागल्यावर रुग्ण जवळपास कधीच वाचत नाही. गावातल्या ७० टक्के कुत्र्यांना लस दिली तर त्यांच्यातली साखळी तुटते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे माणसाचा जीव वाचवायचा रस्ता कुत्र्याच्या दंडातून जातो.

सरकारी दवाखान्यात येणाऱ्या जखमेवर मात्र अजूनही चुना, तिखट, हळद थापलेली असते. त्याऐवजी वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं जखम धुवावी आणि त्याच दिवशी लस घ्यावी. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावं लागतं. ‘घरचंच पिल्लू आहे, नुसतं ओरखडलं’ म्हणून थांबू नये. दोन डोस झाले, जखम सुकली की पुढची तारीख विसरणारेही पुष्कळ. जखम सुकली म्हणजे धोका टळला असं नसतं.

तालुक्यात दानशूरांची वाण नाही. कमान होते, बाकडी येतात, त्यावर नाव रंगवलं जातं. कुत्र्याच्या लसीवर नाव लिहायला जागा नसते, हीच बहुधा अडचण असावी. एका जातिवंत पिल्लाच्या किमतीत एका वाडीतली सगळी कुत्री टोचून होतील. पशुवैद्यकीय दवाखाना, नगरपरिषद आणि चार तरुण मंडळं एवढी जुळणी पुरे. सुरुवात बाजारतळापासून आणि मटणाच्या दुकानांपासून करावी, मग मेंढपाळांच्या वाड्यांवर जावं. टोचलेल्या कुत्र्याच्या गळ्यात रंगीत पट्टा बांधला की दुसऱ्या फेरीत राहिलेली कुत्री लगेच ओळखू येतात.