रात्री नऊपर्यंत अर्थ कळवा

हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, औंढा आणि वसमत या पाच तालुक्यांतल्या घरांना, आणि इथून पुण्याला, संभाजीनगरला, हैदराबादला पोटापाण्यासाठी गेलेल्या आपल्या माणसांना एक विनंती करायची आहे. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी फुलांची चित्रं येतात, वाढदिवसाचे केक येतात, ते येऊ द्या. आठवड्यातून एका रात्री मात्र तिथं शब्दाचा डाव मांडा.

डाव असा. ज्याची पाळी असेल त्यानं बाकीच्यांना सहसा माहीत नसेल असा एक शब्द ग्रुपवर टाकायचा. प्रत्येकानं त्याचा अर्थ पाळीवाल्याला वेगळा, गुपचूप कळवायचा. माहीत नसेल तर मनानं रचायचा, पण असा रचायचा की समोरच्याला खरा वाटावा. पाळीवाला त्या रचलेल्या अर्थांत खरा अर्थ मिसळतो, सगळ्यांना क्रमांक देतो आणि ग्रुपवर पोल टाकतो. खरा ओळखला तर दोन गुण. तुमच्या रचलेल्या अर्थाला जितकी माणसं फसतील तितके गुण तुमचे. इंग्रजी बोलणाऱ्या घरांत जाडजूड शब्दकोश मांडीवर घेऊन हा खेळ फार आधीपासून चालतो. कॅनडात 1984 साली तो ‘बाल्डरडॅश’ नावानं खोक्यात घालून विकायला आला, आणि आता इंटरनेटवर अनोळखी माणसंही एकमेकांशी तो खेळतात. आपल्याकडं आजीनं उमानं घालायचं आणि नातवंडांनी डोकं खाजवायचं ही रीत होतीच, त्यामुळं शिकायला काही जड नाही.

आमच्या ग्रुपवर पहिला शब्द पडला ‘थारोळं’. शब्द सगळ्यांच्या रोजच्या वाचनातला. पेपरात अपघाताची, खुनाची बातमी आली की माणूस ‘रक्ताच्या थारोळ्यात’ पडलेला असतोच. पुण्यातल्या पुतण्यानं अर्थ कळवला, ‘साचलेलं रक्त’. भाचीनं रचलं, ‘थारा नसलेल्या माणसाचं खोपटं’. सूनबाईंनी लिहिलं, ‘दिवाळीत दारापुढं घालायचं शेणाचं गोल सारवण’, आणि त्याला दोघं फसले. बाकी बहुतेक सगळे साचलेल्या रक्तावर गेले. मग आबांचा आवाज आला. आबांनी ऐंशी ओलांडली आहे, त्यांना टाइप करता येत नाही, म्हणून नातीनं बटण दाबून धरलं होतं. “अरे, रक्ताचं कशाचं? मोटंचं पाणी पडतं ते थारोळं. बैल धावंवरून खाली गेले की मोट वर यायची, सोंड मोकळी व्हायची अन् पाणी धबाक करून थारोळ्यात. तिथून पाटाला. उन्हाळ्यात आम्ही पोरं त्यातच बसायचो. पाणी पाठीवर असं आदळायचं की श्वास कोंडायचा.” पुढं अर्धा मिनिट ते काही बोलले नाहीत, पाठीमागं नुसता पंख्याचा आवाज. मग म्हणाले, “विहीर आहे अजून. मोट गेली.”

पुतण्यानं तो आवाज चार वेळा ऐकला, असं त्यानं मला फोनवर सांगितलं. विहिरीवरच्या पाण्याच्या कुंडाचं नाव रक्तापर्यंत कसं गेलं, हे त्याला त्या रात्री दिसलं.

म्हणून माझा पहिला सल्ला शब्द निवडण्याचा आहे. कोशातून शोधून काढलेले अवघड संस्कृत शब्द दोन आठवडे मजा देतात, मग ग्रुप थंड पडतो. ज्या शब्दाचा धनी अजून घरात बसलेला आहे तो शब्द घ्या. माळवद, ढाळज, बळद, पेव. चुंबळ, उतरंड, सरवा, इर्जिक. ‘चाड्यावर मूठ’ हे मृगात दरवर्षी पेपरात छापून येतं, पण तिफणीवरचं चाडं हातात धरलेलं नसलेल्या पोराला ‘चाड’ म्हणजे फिकीर एवढंच ठाऊक. बी ओतायचा तो लाकडी वाडगा, त्याच्या तळाची भोकं, भोकांतून नळ्यांत आणि नळ्यांतून तासात पडणारं बी, हे त्याला आजोबांनीच सांगावं. ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्रानं काम सोपं केलं, त्याची तक्रार नाही. तक्रार एवढीच की वस्तू गेली तेव्हा तिचं नाव कुणी उतरवून घेतलं नाही.

हळदीचंच बघा. वसमतच्या हळदीचं नाव आता देशभर झालं आहे, तिथल्या संशोधन केंद्राच्या नावातच ‘हरिद्रा’ आहे. येता-जाता पाटी वाचणाऱ्या किती जणांनी घरी विचारलं की हा शब्द काय? हळद मोंढ्यावर नेणाऱ्या घरातल्या कॉलेजच्या मुलांना जेठा गड्डा, बगल गड्डा, सोरा गड्डा यांतला फरक विचारा. जेठा म्हणजे मुख्य खोडाखालचा, थोरला. बगल गड्डा नावावरून सुचेल. सोऱ्याचा अर्थ त्यांनी हळद काढणाऱ्या बायांना विचारावा. फाल्गुनात कुकरवर हळद शिजत असते, माणसं रात्र-रात्र शेतात जागतात. डाव मांडायला याहून चांगली वेळ कुठली? मोंढा हा शब्दही टाकून बघा. पुण्याकडच्या माणसाला तो मार्केट यार्ड म्हणून सांगावा लागतो.

शब्द थोरामोठ्यांच्या नावांतही दडलेले असतात. नामदेव महाराजांचं गाव आपलं नर्सी, आणि त्यांना विसोबा खेचर हे गुरू औंढ्याला नागनाथाच्या देवळात भेटल्याची परंपरा आहे. ही गोष्ट आपल्या मुलांना तोंडपाठ असते. पण ‘खेचर’ म्हटलं की त्यांच्या डोळ्यापुढं ओझं वाहणारं जनावर येतं. तो अर्थ मराठीत आहेच. दुसराही आहे: ख म्हणजे आकाश, आणि खेचर म्हणजे आकाशात संचार करणारा. योगातली खेचरी मुद्रा याच शब्दाची. एवढा एक शब्द पोलवर टाकला तर घरात रात्री अकरापर्यंत बोलणं चालतं, हे मी पाहिलेलं आहे.

अर्थावरून वाद झाला तर पंच कोण? मोल्सवर्थचा कोश 1831 सालचा, त्याची वाढवलेली आवृत्ती 1857 ची. दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश 1932 ते 1938 या काळात सात खंडांत निघाला. हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट चाळता येतात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं राज्य मराठी विकास संस्थेसोबत जिल्ह्याजिल्ह्यांतून बोलींचं सर्वेक्षण केलं आहे, तेही जालावर आहे. हे सगळं बघा, जरूर बघा. पण मोल्सवर्थ शब्द गोळा करत होता तो इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात, आणि आपला मुलूख तेव्हा निजामाचा. तेव्हा आजीचा शब्द कोशात सापडला नाही तर तो चुकीचा ठरवू नका. कोशाला तो मिळाला नसेल.

आणि फोनमधल्या ‘एआय’ला पंच करू नका. खेड्यातला शब्द विचारला आणि त्याला तो ठाऊक नसला, तरी ते अर्थ रचून देतं आणि इतक्या ठामपणे देतं की खराच वाटावा. या डावात तसं रचायची मुभा खेळणाऱ्यांना आहे, खरा अर्थ सांगणाऱ्याला नाही.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. आमच्या नात्यातली एक मुलगी दहावीनंतर शहरातल्या कॉलेजात गेली. पहिल्याच आठवड्यात तिनं मैत्रिणीला रुमाल मागताना ‘दस्ती’ म्हटलं आणि वर्ग हसला. तिनं त्यानंतर घरी फोनवरही आपली बोली टाकली, आईशीसुद्धा पुस्तकासारखं बोलायला लागली. तिची आई मला म्हणाली, “लेकीशी बोलताना आता मला भ्या वाटतं.” दस्ती हा हैदराबादच्या राज्यातून आपल्याकडं राहिलेला शब्द आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. तुमच्या डावात कुणाच्या उच्चारावर, कुणाच्या बोलीवर हसू नका. रचलेल्या अर्थाला मनमुराद हसा. जातीवरून हिणवायचे शब्द तर पोलवर येताच कामा नयेत. तांड्यावरच्या मित्राला ग्रुपवर घ्या. तो आईला ‘याडी’ म्हणतो, त्याच्या गोरमाटीतले शब्द ओळखताना तुमची चांगली दमछाक होईल. शेजारच्या मुसलमान घरातल्या चाचींना विचारा. आजोबांच्या पेटीतल्या जमिनीच्या कागदांवर ‘खासरा’ लिहिलेलं असतं, तेही काढा. ते शब्द कळले नाहीत तर उद्या तहसीलमध्ये दुसऱ्याच्या तोंडाकडं बघत उभं राहावं लागतं.

डाव संपला की एवढं करा. दोनशे पानी वही आणा. शब्द, अर्थ, सांगणाऱ्याचं नाव, गाव, तारीख. आवाजाचा मेसेज ग्रुपवर ठेवून निर्धास्त राहू नका. फोन बदलला, मेमरी भरली की तो जातो. संगणकावर किंवा पेनड्राइव्हमध्ये वेगळा उतरवून ठेवा. आबांचा तो थारोळ्याचा आवाज आम्ही तीन ठिकाणी ठेवला आहे.

आज रात्रीसाठी शब्द मी देतो: वारंगुळा. अर्थ नऊपर्यंत कळवायचा. कोश उघडण्याआधी गावातल्या अशा म्हाताऱ्याला विचारा, ज्याच्या दावणीला एकच बैल होता.