उभी गाडी, निष्क्रिय खाते

घाटकोपर, मुलुंड, बोरिवली किंवा अंधेरीतील जुन्या सोसायट्यांच्या आवारात, कुंपणाच्या भिंतीलगत, एखादी मोटार वर्षानुवर्षे उभी असलेली दिसते. अंगावर विटलेले प्लॅस्टिकचे आच्छादन, चाकांतील हवा गेलेली, बॉनेटवर पिंपळाची वाळकी पाने. बहुधा ती फियाट किंवा प्रीमियर पद्मिनी असते. दुकानाला बरकत आली त्या वर्षी वडिलांनी ती घेतलेली असते. घरातील लग्नकार्ये, दिवाळीतील भेटीगाठी, पहिल्या नातवाला प्रसूतिगृहातून घरी आणणे, हे सारे तिच्यातूनच झालेले असते. पुढे वडील निवर्तले, मुलांनी नव्या गाड्या घेतल्या आणि ही गाडी विकलीही गेली नाही व वापरलीही गेली नाही. मग एके दिवशी इमारत पुनर्विकासाला निघते. जागा रिकामी करण्याची मुदत ठरते. भाड्याच्या घरासोबत जुन्या गाडीसाठी जागा मिळेलच असे नसते आणि घरात प्रथमच उघडपणे प्रश्न निघतो, वडिलांच्या गाडीचे काय करायचे?

या प्रश्नाचे एक उत्तर याच उपनगरांत रविवारी सकाळी पाहावयास मिळते. कोणी दुकानदार, कोणी सनदी लेखापाल, कोणी नोकरदार गृहस्थ जुने कपडे घालून, पान्यांचा डबा शेजारी ठेवून आपल्या जुन्या गाडीचे बॉनेट उघडून बसलेले असतात. ते व्यवसायाने मेकॅनिक नसतात आणि दहा-दहा दुर्मिळ मोटारी बाळगणारे धनवंत संग्राहकही नसतात. गाडी एकच असते आणि तिची निगा ते स्वतःच्या हाताने राखतात. त्या सर्वांना अनुभवाने कळलेली गोष्ट एकच आहे. गाडी चालून झिजते खरी, पण नष्ट होते ती उभी राहून.

या गाडीचा आणि मुंबईच्या पूर्व उपनगरांचा संबंध जुना आहे. सोलापूरच्या एका व्यापारी जैन कुटुंबात १८८२ साली जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी जहाजवाहतूक, साखर आणि विमाननिर्मिती यांच्यासोबत मोटारनिर्मितीचेही स्वप्न पाहिले. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये पहिली वाहने बाहेर पडली. आरंभी सहकार्य अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीचे होते. पन्नाशीच्या दशकात इटलीच्या फियाटशी करार होऊन फियाट ११०० ही गाडी येथे तयार होऊ लागली. हीच गाडी १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने विकली गेली आणि शतक संपेपर्यंत ती मध्यमवर्गीय व व्यापारी घरांची गाडी राहिली. मुलुंड-घाटकोपरच्या कुटुंबांची गाडी अशी त्यांच्याच लाल बहादूर शास्त्री मार्गावरून थोड्या अंतरावर तयार झालेली असे.

ती घरच्या घरी दुरुस्त करता येते, यामागे तिच्या रचनेचे कारण आहे. १०८९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरचे साधे इंजिन, पेट्रोल व हवा यांचे मिश्रण करणारा कार्बोरेटर, ठिणगीची वेळ साधणारा डिस्ट्रिब्युटर आणि इंजिनाच्याच गतीने चालणारा पेट्रोल पंप, एवढाच तिचा संसार. त्यात संगणक नाही. बॉनेट उघडले की बहुतेक भाग डोळ्यांना दिसतात व पान्याने खोलता येतात. आजच्या गाडीत बिघाड कोठे आहे हे यंत्राला विचारावे लागते. पद्मिनीत मात्र तो कानाने, नाकाने आणि बोटांनी शोधता येतो. उन्हाळ्यातील वाहतूक कोंडीत पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडली की पंपावर ओले फडके ठेवून दहा मिनिटे थांबायचे, हे त्या पिढीतील प्रत्येक चालकाला ठाऊक होते.

आता उभ्या गाडीत काय घडते ते पाहावे. टाकीतील पेट्रोल काही महिन्यांत जुने होऊन चिकट बनते आणि कार्बोरेटरची बारीक छिद्रे बुजवते. बॅटरी आपोआप उतरते व फार काळ उतरलेली राहिली की कायमची निकामी होते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. त्यामुळे चाकांतील ब्रेक सिलिंडर आतून गंजतात आणि ब्रेक अडकून बसतात. रेडिएटरमधील साधे पाणी इंजिनाला आतून गंज लावते. एकाच जागी भार घेऊन टायर बेडौल होतात. मुंबईची दमट, खारी हवा पत्र्याला स्वस्थ बसू देत नाही. प्लॅस्टिकचे आच्छादन पाऊस अडवते, पण आतील ओल कोंडून धरते, म्हणून झाकलेली गाडीही गंजते. बँकेत दोन वर्षे व्यवहार झाला नाही की खाते निष्क्रिय ठरते आणि दहा वर्षे कोणी दाद घेतली नाही तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीकडे जाते. तेथे निदान ती रक्कम वारसाला पुढे मागता तरी येते. गंजलेला पत्रा मात्र कोणाकडेच मागता येत नाही.

निगेची सुरुवात स्वच्छतेपासून होते. गाडी सावलीत, गार अवस्थेत धुवावी. प्रथम भरपूर पाण्याने धूळ वाहून जाऊ द्यावी, मग सौम्य साबणपाण्याने छपरापासून खाली यावे. साबणाची बादली वेगळी व फडके खळबळण्याची वेगळी ठेवली म्हणजे वाळूचे कण पुन्हा रंगावर घासले जात नाहीत. चमक यावी म्हणून डिझेलचा बोळा फिरवण्याची जुनी सवय सोडावी. त्याने रबर फुगते व धूळ चिकटून बसते. दरवाजांच्या खालच्या कडेला पाणी निघून जाण्यासाठी बारीक छिद्रे असतात. ती चिखलाने व पानांनी बुजली की दरवाजा आतून कुजतो, म्हणून पावसाळ्यापूर्वी ती काडीने मोकळी करावीत. पायाखालचे मॅट काढून उन्हात वाळवावेत व त्याखालचा पत्रा हाताने तपासावा. बंपरच्या क्रोमवरील वरवरचा गंज पाण्यात भिजवलेल्या ॲल्युमिनियम फॉइलने हलके चोळल्यास निघतो. झाकण्यासाठी हवा खेळती ठेवणारे कापडी आच्छादन वापरावे.

यानंतर यंत्राकडे वळावे. बॅटरीच्या टर्मिनलवर जमलेला पांढरट क्षार खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने निघतो. त्यापूर्वी तारा सोडवाव्यात व नंतर कोरडे करून थोडे पेट्रोलियम जेली लावावे. प्लग काढून पाहावेत. करडा-तपकिरी प्लग म्हणजे इंजिनाची प्रकृती ठीक. काजळी असेल तर पेट्रोल अधिक जाते आहे आणि तेलकट असेल तर इंजिन ऑइल वर चढते आहे. डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंट स्वच्छ करून गाडीच्या पुस्तिकेत दिलेली फट फीलर गेजने जुळवावी. कार्बोरेटरचे जेट हवेने फुंकून साफ करावेत, तार कधीही घालू नये, कारण छिद्र किंचित मोठे झाले तरी पेट्रोलचा हिशेब बिघडतो. ही सारी कामे रविवारच्या एका सकाळी होतात. त्यानंतर गाडी किमान अर्धा तास चालवावी. जागेवर इंजिन पाच मिनिटे सुरू ठेवून बंद केल्याने लाभ होत नाही, उलट आत ओल साचते.

अनेक वर्षे उभी असलेली गाडी मात्र बॅटरी बदलून थेट सुरू करण्याचा मोह टाळावा. प्रथम जुने पेट्रोल काढून टाकावे व इंजिन ऑइल बदलावे. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडावे, एक दिवस थांबावे आणि मग इंजिन हाताने हळूहळू फिरवावे. पेट्रोलच्या सर्व रबरी नळ्या बदलाव्यात. २०२३ पासून टप्प्याटप्प्याने आलेल्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे हे अधिकच गरजेचे झाले आहे. इथेनॉल ओलावा शोषते आणि जुन्या प्रकारच्या रबराला व पंपाच्या पडद्याला ते सोसवत नाही. गळक्या नळीतून गरम इंजिनावर पडणारे पेट्रोल म्हणजे आगीला आमंत्रण आहे.

हौसेला मर्यादाही असावी. ब्रेक, स्टिअरिंग व पुढच्या चाकांचे सांधे यांची दुरुस्ती जाणत्या कारागिराकडूनच करवून घ्यावी. केवळ जॅकच्या आधारावर गाडीखाली कधीही शिरू नये, भक्कम स्टँड लावावेत आणि चाकांना अटकाव द्यावा. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. काढलेले ऑइल गटारात सोडू नये, कारण थोडेसे ऑइलही पुष्कळ पाणी बिघडवते आणि त्यातील जीवांचा घात करते. ते डब्यात साठवून गॅरेजमार्फत योग्य ठिकाणी द्यावे.

सुटे भाग अद्याप मिळतात. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर आणि चोरबाजारात शोधणाऱ्याला काच, दिवे, दरवाजाची मूठ सापडते. परंतु हा झरा आटत चालला आहे. मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ची होती आणि २० वर्षांच्या मर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ अखेर काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. ज्या कारागिरांचा चरितार्थ त्या टॅक्सींवर चालत असे, त्यांच्या मुलांनी हे काम पुढे शिकण्याचे कारण उरलेले नाही. म्हणून जे ज्ञान आज पन्नाशी-साठीच्या मिस्त्रीच्या हातात आहे, ते त्याच्या शेजारी उभे राहून शिकून घेण्याची हीच वेळ आहे.

गाडीइतकेच तिचे कागदही पाहावेत. गाडी अजून दिवंगत वडिलांच्या नावावर असेल तर ती प्रथम वारसाच्या नावावर करावी. नियमानुसार मालकाच्या मृत्यूनंतर ३० दिवसांत परिवहन कार्यालयास कळवून ३ महिन्यांत नमुना ३१ मध्ये अर्ज करावयाचा असतो. अनेक घरांत हे राहून जाते आणि मग विक्री, विमा, नोंदणी सारेच अडते. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनंतर तपासणी करून दर ५ वर्षांनी वाढवावी लागते. या नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी २०२१ पासून ‘व्हिंटेज’ नोंदणीची सोय आहे. तिचे शुल्क २०,००० रुपये आहे व मुदत १० वर्षांची आहे, मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी नेता येत नाही.

आता हिशेब. धंद्याच्या वहीत मोटारीवर दरवर्षी उरलेल्या किमतीच्या १५ टक्के घसारा धरला, तर १ लाख रुपयांची गाडी २५ वर्षांनी सुमारे १,७२० रुपयांवर येते. वहीच्या दृष्टीने ती जवळजवळ संपलेली असते. घरच्या मनात मात्र तिची किंमत मोजता येत नाही, आणि या दोन किमतींच्या मधोमध गाडी गंजत राहते. प्रामाणिक मार्ग तीनच आहेत. घरातील एकाने आठवड्याचे दोन तास तिला देण्याचे पत्करावे. कोणाला वेळ नसेल तर ती चालवणाऱ्या व जपणाऱ्या हौशी माणसाला, कागद पूर्ण करून, पडत्या किमतीतही द्यावी. पत्राच गेला असेल तर नोंदणीकृत भंगार केंद्राकडे सोपवून प्रमाणपत्र घ्यावे व नोंदणी रद्द करावी. आठवणीखातर झाकून ठेवणे हा चौथा मार्ग वाटतो खरा, पण तोही शेवटी भंगाराकडेच जातो, फक्त हळूहळू आणि कोणाच्याही निर्णयाविना.

तेव्हा इमारत रिकामी करण्याची तारीख येईपर्यंत थांबू नये. येत्या रविवारी घरातील भावंडांनी, शक्य तर नातवंडांनाही सोबत घेऊन, ते आच्छादन काढावे. दरवाजे उघडावेत, मॅट उचलून पत्रा पाहावा, डॅशबोर्डच्या कप्प्यातील जुनी कागदपत्रे काढावीत. त्यात वडिलांच्या अक्षरातील पेट्रोलच्या व दुरुस्तीच्या नोंदींची छोटी वही सापडण्याचा संभव पुष्कळ असतो, कारण त्या पिढीला नोंद ठेवल्याशिवाय चैन पडत नसे. ती वही वाचावी. शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे ते पाहावे आणि पुढची नोंद कोण करणार, हे तेथेच, गाडीपाशी उभे राहून ठरवावे.